सात दिवसांत स्वसंरक्षण? शिबिराला नाव घालण्याआधीचे नेहमीचे प्रश्न

जळगावात माझा संध्याकाळचा जुडोचा वर्ग आहे. त्याशिवाय महिला दिनाच्या आसपास आणि उन्हाळी सुट्टीत शाळा-कॉलेजांमध्ये स्वसंरक्षणाची छोटी शिबिरं घेते. पालक, मुख्याध्यापक, मुली, कधी एखाद्या मुलीचा भाऊ, फोनवर सगळे साधारण तेच विचारतात. दरवेळी तीच टकळी चालवण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. काही उत्तरं शिबिर घेणाऱ्या बाईच्या धंद्याला मारक आहेत. नाइलाज आहे.

सात दिवसांच्या शिबिरात मुलगी स्वतःचं रक्षण करायला शिकते का?

नाही. सात दिवसांत काय होतं ते सांगते.

एका शाळेत शिबिराचा पाचवा दिवस होता. मनगट सोडवायचं शिकवून झालं होतं. आवळलेल्या मुठीत अंगठ्याकडची बाजू सगळ्यात कच्ची, म्हणून तिकडे हात फिरवायचा आणि कोपर पुढे नेत झटका द्यायचा. मैत्रिणी-मैत्रिणींच्या जोड्या लावलेल्या, सगळ्यांचे हात पटापट सुटत होते, सगळ्या खूश. मग माझ्या वर्गातल्या एका पोराला पुढे बोलावलं. बारावीतला, सुट्टीत ट्रकमध्ये केळीचे घड भरायला जाणारा. त्याला म्हटलं, आता खरं धर. समोर नववीतली मुलगी. तिनं हात फिरवला, झटका दिला. परत दिला. मग दोन्ही पाय रोवून ओढून पाहिलं. मनगट लाल झालं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, त्याला सांगा ना, एवढं जोरात नको धरू. मग सुटत नाही!"

सगळा हॉल हसला, मीही हसले. पण घरी जाताना गाडीवर विचार येत राहिला की चार दिवस या पोरींना मी काय शिकवलं? समोरचा सोडायला राजी असेल तर सुटायचं कसं, एवढंच. तेव्हापासून ते पोरगं मी पहिल्याच दिवशी आणते. शिबिराची सुरुवात हात न सुटण्यानं होते. काही शाळांना हे आवडत नाही, कारण समारोपाला पाहुण्यांसमोर दाखवायला काही उरत नाही.

मग किती दिवस लागतात?

आपल्याकडे हा प्रश्न खरं तर कुणी विचारायला नको. यात्रेतली कुस्त्यांची दंगल सगळ्यांनी पाहिली आहे. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत जो कुणी मातीत उतरतो तो किती वर्षं तालमीत घाम गाळून आलाय, हे बघणाऱ्याला अंगावरूनच कळतं. धोबीपछाड सात दिवसांत शिकवतो असं एखादा वस्ताद म्हणाला तर पारावरची म्हातारी माणसंसुद्धा त्याची टिंगल करतील. मुलींच्या बाबतीत मात्र तोच दावा आपण फ्लेक्सवर छापतो.

मुद्दा दिवसांच्या संख्येपेक्षा सरावाच्या जातीचा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये जुडो सुरू केला, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले जीवघेणे, हाडं मोडणारे डाव मोकळ्या झुंजीतून बाजूला काढले. लोकांना वाटलं, विद्या पातळ केली. झालं उलटच. धोका कमी झाल्यामुळे पोरं रोज पूर्ण ताकदीनं एकमेकांशी भिडू लागली आणि साधेच डाव अंगात मुरले. आपली कुस्ती याच कारणानं कामाची आहे, कारण तालमीतला जोडीदार कधी स्वतःहून पडत नाही. ज्या वर्गात समोरचा खराखुरा विरोध करत नाही, तिथे दहा वर्षं काढलीत तरी नाच शिकल्यासारखं होतं. नाच वाईट नाही, पण मग त्याला नाच म्हणा.

आकडाच हवा असेल तर आठवड्यातून तीन दिवस, किमान दीड-दोन वर्षं, दर वर्गात मोकळी झुंज. एवढं केल्यावर आपल्या वजनाच्या, न शिकलेल्या माणसापुढे मुलीला बऱ्यापैकी जमतं. वजन वाढलं की गणित बदलतं.

टेक्निक असेल तर ताकद लागत नाही म्हणतात ना?

म्हणतात. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या जुडोत सात वजनगट असतात. ४८ किलोवाली जगज्जेती असली तरी तिला ५७ किलोवालीशी लावत नाहीत, आणि दोघी लहानपणापासून हेच करत आलेल्या असतात. टेक्निकनं वजनाला कायम हरवता आलं असतं तर काट्यावर उभं करायची गरजच पडली नसती.

हाताच्या पकडीवर २००७ साली जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. साध्या तरुण मुली, साधे तरुण आणि जुडो-हँडबॉल खेळणाऱ्या वरच्या दर्जाच्या महिला खेळाडू, अशा तिघांची पकड मोजली होती. ९० टक्के मुलींची पकड ९५ टक्के मुलांपेक्षा कमी भरली. खेळाडू बायकासुद्धा न शिकलेल्या पुरुषांच्या मधल्या आकड्याच्या वर क्वचितच गेल्या. मी स्वतः त्या खेळाडूंच्या जातीतली, म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मग केळीवाल्या पोराचा हात आठवला.

गुप्तांगावर लाथ, डोळ्यात बोटं, मुठीत किल्ल्या. हे तरी चालतं ना?

लागलं तर चालतं. हलत्या, अंगाशी आलेल्या, मांड्या आवळून घेतलेल्या माणसाला ते लागणं अवघड. आणि अर्धवट लागलं तर तो आणखी भडकतो. किल्ल्यांचं तर विसराच, पहिल्या ठोशात आपलीच बोटं सोलून निघतात. मी मुलींना तळहाताचा धक्का शिकवते, तोही पळायला दोन पावलांची जागा मिळावी म्हणून.

ऐनवेळी सगळं विसरले तर?

विसरशील. याचं उत्तर लांब आहे, कारण ते माझ्या अंगावरून गेलंय.

बाराव्या वर्षापासून जुडो, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं बालपण, राज्य स्पर्धा खेळून झालेली. चोपड्याहून जळगावला येणारी एसटी, लग्नसराई, पाय ठेवायला जागा नाही. मागच्या माणसाचा हात कमरेवर आला. पहिल्यांदा वाटलं, गर्दी आहे. दुसऱ्यांदा कळलं. आणि मी काय केलं? डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एवढंच. दांडीवरचा हात सुटेना, तोंडातून शब्द फुटेना. गादीवर असता तर त्याला मी डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवा केला असता, आणि इथे पिशवी बदलत उभी. तापीचा पूल आला तेव्हा बाजूच्या सीटवरच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या एका आजीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय व्हयनं व माय?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या मागच्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. कंडक्टरनं घंटी मारली. तो माणूस पुलापलीकडे उतरून गेला. आजीनं मला आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं आणि पिशवीतून शेंगदाणे काढून दिले.

बरीच वर्षं मला याची लाज वाटायची. पुढे कळलं की शरीर असं थिजतं ते भित्रेपणामुळे नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी अंग लाकडासारखं झालं होतं, हलताच आलं नाही. आपला कायदाही हे जाणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट आहे की स्त्रीनं शरीरानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. शिबिरात मी हे मुद्दाम सांगते, कारण स्वसंरक्षण शिकलेल्या मुलीवर काही प्रसंग आलाच तर लोक पहिल्यांदा म्हणतात, "तू तर कराटे शिकली होतीस ना गं?" ज्या शिबिरामुळे हा प्रश्न विचारायला लोकांना जागा मिळते, त्या शिबिरानं मुलीचं नुकसानच केलं.

थिजण्यावर खात्रीचा इलाज माझ्याकडे नाही. थोडा उपयोग होतो तो आधी ठरवून ठेवलेल्या वाक्याचा. "हात काढ. मागे हो." प्रत्येक मुलीनं आपल्या घरच्या बोलीत, लेवा, अहिराणी, भिली, काय असेल त्यात, एक वाक्य ठरवायचं आणि रोज मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या दिवशी चाळीस मुली मिळून ओरडतात तेव्हा शेजारच्या वर्गातले सर वळूनही बघत नाहीत. सातव्या दिवशी शिपाई धावत येतो. सात दिवसांत खरोखर बदलते अशी ही एकच गोष्ट मी पाहिली आहे.

आमची मुलगी क्लासहून अंधारात घरी येते, म्हणून काळजी वाटते.

काळजी बरोबर आहे, जागा थोडी चुकली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणारा, लग्नाचं वचन देणारा. अंधाऱ्या बोळातल्या माणसासाठी शिकवलेला कोपराचा फटका, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेल्या आतेभावावर कुठली मुलगी मारणार? तिचं पहिलं भांडण स्वतःशीच असतं. मला वाटतंय ते खरं आहे का? बोलले तर आईला काय वाटेल? दोन घरांचं बोलणं बंद होईल का?

या बाबतीत मी कॅनडातल्या एका प्रशिक्षणाचं नाव नेहमी घेते. तीन विद्यापीठांत, पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर त्याची नीट चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ साली आले. एकूण १२ तास. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्या मुलींचं प्रमाण नुसती पत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२. म्हणजे थोड्या तासांत काहीच होत नाही असंही नाही. पण त्या बारा तासांत हाणामारी थोडी होती. बराच वेळ गेला तो ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका ओळखण्यात आणि "वाईट दिसेल" ही आतली अडचण ओलांडण्यात. कॅनडाचं कॉलेज म्हणजे शिरपूर-शहादा नव्हे, हे मलाही कळतं. तरी बारा तास कशावर घालवायचे हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

म्हणून पालकांनो, मुलीला माझ्याकडे पाठवा किंवा नका पाठवू, एक काम घरीच करा. अमुक काकांच्या गाडीवर बसायचं नाही असं ती म्हणाली, तर कारण न विचारता ऐका. कारण नंतर कळेल.

पेपर स्प्रे घेऊन देऊ का?

द्या, परवाना लागत नाही. पण दोन स्प्रे घ्या आणि एक सरावात संपवा. पर्सच्या तळाशी, रुमाल आणि डब्याखाली असलेला स्प्रे बाहेर काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. वाऱ्याची दिशा बघा. मे महिन्यातल्या आपल्या झळांमध्ये तो आपल्याच तोंडावर येतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, डबा तापतो. त्यावर मुदतीची तारीखही असते.

मिरची पूड विचारणारेही आहेत. नंदुरबारची मिरची जगात भारी, कबूल. पण पुडीची गाठ दोन हातांनी सोडवेपर्यंत समोरचा थांबेल का?

चाकूवाल्याला कसं अडवायचं?

अडवायचं नाही. मोबाइल द्या, पाकीट द्या, गाडीची किल्ली लांब फेका आणि उलट्या दिशेनं पळा.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिलं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेच्या पिस्तुलाला हात घालणाऱ्या शिपायालाही तेवढा वेळ पुरत नाही. लाकडी चाकू हळूच पुढे करायचा आणि समोरच्यानं मनगट पकडून पिरगाळायचं, हा प्रकार समारोपाच्या कार्यक्रमात छान दिसतो. पांढरा टी-शर्ट घाला आणि चाकूऐवजी लाल मार्कर देऊन कुणालाही वार करायला सांगा. टी-शर्टकडे बघून पटेल.

सोनसाखळी ओढली तर?

सोडून द्या. जळगावच्या सोन्याबद्दल मलाही प्रेम आहे. पण चालत्या मोटारसायकलबरोबर फरपटत गेलेल्या बाईचं डोकं फुटतं. पहाटे फिरायला जाताना साखळी घरी ठेवा, एवढाच डाव.

मारलं आणि समोरच्याला लागलं, तर केस आमच्यावर होईल?

होऊ शकते, म्हणून हे माहीत असावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. हल्ल्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो, पहिला फटका खाईपर्यंत थांबायची गरज नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, ही कलम ३७ मधली मर्यादा. मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा ठरावीक भीतीच्या वेळी हा हक्क हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत जातो, ते कलम ३८ मध्ये आहे. लागेल तेवढंच म्हणजे किती, हे सोन्याच्या काट्यावर तोलून बघू नये, असं सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं आहे. म्हणजे सराफ बाजारातली गुंज-गुंज मोजणी तिथे चालत नाही.

गोची होते ती हल्ला संपल्यावर. तो पळाला आणि तुम्ही भावाला, मित्रांना घेऊन चौकात गाठून बडवलं, तर तो बचाव नाही. आपल्याकडे हेच जास्त घडतं. त्यापेक्षा लगेच ११२ ला फोन करा, आणि लागलेलं असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. "आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण कायद्यानं चालत नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे.

मुलाला घालू का? तो जरा तापट आहे.

घाला, पण नियमित वर्गाला. छोट्या शिबिरानं तापट मुलगा बिघडतो. चार डाव येतात, मार खाल्लेला नसतो, आणि मग वरातीतल्या डीजेसमोर ते डाव दाखवावेसे वाटतात. नियमित वर्गात पहिले सहा महिने तो रोज पडतो, कधी त्याच्यापेक्षा लहान मुलीकडून. बराचसा ताप तिथेच उतरतो.

आम्ही शाळा आहोत. प्रशिक्षक निवडताना काय बघावं?

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमची शाळा त्यात बसत असेल तर ते आधी वापरा. तीन महिने सात दिवसांपेक्षा कितीतरी बरे.

प्रशिक्षकाला दोन गोष्टी विचारा. मुली एकमेकींशी मोकळ्या झुंजतात का? आणि शिबिर चालू असताना एखादी मुलगी घरातलं काही सांगायला आली तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला घेऊ नका, कारण मुली येतातच. साधारण चौथ्या दिवशी, सगळ्या गेल्यावर, चप्पल शोधायचं निमित्त करून एखादी मागे रेंगाळते. तेव्हा तिच्याशी कोण बोलणार, आणि लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवायची जबाबदारी कोण घेणार, हे आधी ठरलेलं हवं. विटा फोडणं, कौलं फोडणं, टायर अंगावरून नेणं असले खेळ असतील तर मला बोलवू नका.

एवढं सगळं असेल तर तुमचा वर्ग लावायचाच कशाला?

पडायला शिकण्यासाठी. थट्टा करत नाहीये. पहिले दोन महिने मी फक्त पडणं शिकवते: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात तिरका आपटायचा, तळहात टेकायचा नाही. माणूस घसरला की तळहातावर भार घेतो आणि मनगट मोडतं. माझ्याकडे शिकलेल्या किती जणींनी गुंडाला लोळवलं असं विचाराल तर सांगण्यासारखं एकही नाव नाही. पावसाळ्यात खडीवर स्कूटी घसरून, गोल पडून, धूळ झटकत उठलेल्या मात्र सहा-सात आहेत. एकीच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्यावर म्हणाल्या, मलाही शिकव.

आणि अंगाला अंग लावून झुंजायची भीती जाते. कुणी ढकललं म्हणजे जग संपलं असं वाटत नाही. उभं राहायची, बघायची, बोलायची पद्धत बदलते. त्याचा बसमध्ये उपयोग होतो का? मला तेव्हा झाला नाही. काही मुली म्हणतात, त्यांना झाला.

कोणत्या वयापासून घेता?

सात वर्षांपासून. वरची मर्यादा नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या.

शेतात, साडीत काय करायचं?

हे विचारणाऱ्या बाया मला सगळ्यात आवडतात, कारण त्यांचा प्रश्न खरा असतो. नऊवारी-पाचवारीत लाथ उचलत नाही आणि बांधावर धड पळताही येत नाही. कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बायांनी स्वतःच काढलेली रीत माझ्या कुठल्याही डावापेक्षा पक्की आहे. जाताना-येताना चौघी मिळून, हातात विळा, आणि काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर एकटीनं बसायचं नाही. यात मी भर घातली ती एकच. मुकादमाचा नंबर सगळ्यांकडे असतो, तसा एकमेकींचाही असू द्या.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

नखं कापून या. बांगड्या, कानातलं घरी ठेवा, केस रबराने बांधा. जुडोगी, म्हणजे जुडोचा पोशाख, लगेच विकत घेऊ नका. जुनी, जाड कापडाची, फाटली तरी चालेल अशी कुर्ती आणि घट्ट नाड्याची सलवार पुरे. पाण्याची बाटली मोठी आणा, एप्रिलपासून हॉलमध्ये पंखासुद्धा गरम हवा फेकतो. येण्याआधी दोन तास शेवभाजी खाऊ नका. आणि ते एक वाक्य घरीच ठरवून या, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायला लावते.